देश स्वतःला कोण समजतो, त्यावर त्याची दोस्ती-दुश्मनी ठरते का?

अजिंक्यताऱ्याखाली

मंडळी, विषय जड वाटेल पण सुरुवात घरातल्या फोनवरून झालीय म्हणून इथं टाकतोय.

वडील सुभेदार म्हणून रिटायर झाले. सातारा जिल्ह्यात यात सांगण्यासारखं काही नाही, आमच्या आळीत भिंतीवर पदकांची फ्रेम नसलेलं घर शोधावं लागेल आणि अपशिंग्याच्या तर नावातच मिलिटरी. तर बाबांची नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत, पण दोन वर्षं शेजारी गोरखा पलटण होती आणि तिथल्या एका नेपाळी सुभेदारांशी त्यांची जी गट्टी जमली ती आजपर्यंत. दर दसऱ्याला पोखऱ्याहून फोन येतो, दोघांनाही कमी ऐकू येतं त्यामुळं अख्ख्या आळीला कळतं की फोन आलाय. गेल्या दसऱ्याला त्यांनी नातवाच्या हातात फोन दिला. बाबांनी सवयीनं विचारलं, भरतीची तयारी कुठवर आली. पोरगं म्हणालं, "भरती तो बंद है ना अंकल, मैं पोलंड जा रहा हूँ, फॅक्टरी में."

बाबांनी फोन ठेवला नि बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग मला म्हणाले, आपण गोरख्याला कधी परका मानला का रे?

मी म्हणालो बाबा प्रश्न उलटा आहे, ते स्वतःला कोण मानतात हा प्रश्न आहे. आणि मग माझं मलाच वाटलं की हे नीट लिहून काढावं.

१९४७ साली भारत, नेपाळ आणि ब्रिटन असा तिघांचा करार झाला, गोरख्यांच्या दहा रेजिमेंटपैकी सहा आपल्याकडं आल्या आणि चार इंग्रजांकडं गेल्या. तेव्हापासून भरती चालू होती. मधे कोविडमुळं खंड पडला आणि २०२२ ला अग्निपथ आलं, चार वर्षांची नोकरी, तेव्हा नेपाळ म्हणालं हे १९४७ च्या करारात बसत नाही, थांबा. ती थांबली ती थांबलीच. आता नुसता व्यवहार बघितला तर डोंगरातल्या गावात पगार येत होता, पेन्शन येत होती, असं असताना कुठला देश स्वतःच्या पोरांची नोकरी अडवेल? पण नेपाळमधे हा विषय नुसता नोकरीचा कधीच नव्हता. आम्ही कधी कुणाचे गुलाम नव्हतो, मग आमची पोरं दुसऱ्याच्या झेंड्याखाली का, हा सल तिथं जुना आहे. अग्निपथनं त्या सलाला फक्त वाट करून दिली.

तर माझं म्हणणं एवढंच, की देशाचं हित कशात आहे हे ठरवायच्या आधी 'आपण कोण' हे ठरलेलं असतं, आणि ते पुस्तकात लिहिलेलं नसतं, लोकांच्या अंगात असतं. बोला.

मार्केटयार्डवाला

दादा लिहिलंय झकास पण मी सांगलीत हळदीचा धंदा करतो आणि माझं मत धंद्यातलंच. सौद्यात आम्ही रुमालाखाली बोटं धरून भाव करायचो तेव्हा समोरचा कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, त्याच्या आज्यानं काय पराक्रम केला हे काय बोटातनं कळत नव्हतं. देशांचंपण तसंच. वरनं रुमाल असतो, ओळख संस्कृती मैत्री बंधुभाव वगैरे, आणि खाली बोटं चाललेली असतात.

रशियाचंच घ्या की. युद्धाच्या आधी आपण त्यांचं तेल किती घेत होतो, दोन टक्क्यांच्या आतबाहेर. २०२३ मधे तेच एक तृतीयांशाच्या वर गेलं. का तर डिस्काउंट मिळाला. आणि आपण सांगत सुटलो जुना मित्र आहे जुना मित्र आहे. मित्र आधीपण जुनाच होता ना, मग तेव्हा का नव्हतं घेत?

आणि नेपाळचं म्हणाल तर चार वर्षांनी बंदूक चालवायला शिकलेली बेकार पोरं गावात परत आली तर काय करायचं ही त्यांची भीती साधी सरळ आहे. माओवाद्यांचं दहा वर्षांचं युद्ध बघितलेला देश आहे तो. त्यात अस्मिता कशाला आणताय.

अजिंक्यताऱ्याखाली

शेवटचा मुद्दा बरोबर आहे शेठ, तो मी लिहायला हवा होता. पण तेलाचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय बघा. डिस्काउंट सगळ्या जगाला मिळत होता. युरोपनं सोडला, महाग तेल नि गॅस घेतला, का? आपण रशियाशी बोलत राहिलो नि दुसऱ्या बाजूला अमेरिकेशीपण, आणि २ मार्च २०२२ ला युनोत १४१ देश रशियाविरुद्ध उभे राहिले तेव्हा आपण तटस्थ राहिलेल्या ३५ मधे होतो. "आम्ही कुणाच्या गोटात नाही" हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की सरकार कुठलंही असो मतदानाला तसंच बसतं. डिस्काउंट नंतर आला, तटस्थपणा आधीपासून होता.

मार्केटयार्डवाला

तटस्थ राहायला पैसे पडत नाहीत हो. पदरचे पैसे घालून ओळख जपली असं एक उदाहरण द्या, मग मानतो.

प्रीतिसंगम

नमस्कार. मी कराडची, कॉलेजात इतिहास शिकवत होते, आता घरी बसून तुम्हा पोरांचे धागे वाचते. मार्केटयार्डवाले, तुम्हाला उदाहरण मी देते.

१९४६ साली, म्हणजे स्वातंत्र्यसुद्धा मिळायचं होतं, तेव्हा भारतानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला. तिथल्या भारतीयांना दिल्या जाणाऱ्या वागणुकीसाठी. असं करणारा पहिला देश आपला. पुढं वर्णभेदाच्या विरोधात जग यायला कितीतरी वर्षं लागली, तोवर हा व्यापार आपण सोडलेलाच होता. आणि टेनिस बघणाऱ्यांना आठवत असेल, १९७४ ला डेव्हिस कपच्या फायनलला आपला संघ पहिल्यांदा... नाही, पहिल्यांदा नव्हे, १९६६ ला पण गेला होता. तर १९७४ ला समोर दक्षिण आफ्रिका आली आणि आपण खेळलोच नाही. अमृतराज बंधू ऐन भरात होते. कप देऊन टाकला. माझे यजमान टेनिसवेडे, ते आठवडाभर सरकारला शिव्या घालत होते आणि मधेच म्हणायचे पण केलं ते बरोबरच केलं. आता यात कुठला डिस्काउंट होता?

मार्केटयार्डवाला

मॅडम हे मात्र लागलं. पण मग मलापण इतिहास काढू द्या थोडा. १९५६ ला इंग्रज-फ्रेंच सुएझवर गेले तेव्हा नेहरूंनी लगेच तोंड उघडलं, आणि त्याच आठवड्यात रशियाचे रणगाडे हंगेरीत शिरले तेव्हा आढेवेढे. साम्राज्यशाहीच्या विरोधातला देश म्हणवायचं आणि साम्राज्य गोरं-भांडवलवालं असेल तरच ओरडायचं. म्हणजे ओळखपण सोयीनं वापरतात.

प्रीतिसंगम

हंगेरीबद्दल तुमचं खरं आहे, तेव्हा देशातसुद्धा टीका झाली होती, जयप्रकाशांनी तर फार कडक शब्दांत केली होती. पण टीका कशावर झाली ते बघा. "भारत असं कसं वागू शकतो" यावर. ज्याची तशी ओळखच नाही त्याला असं कुणी विचारत नाही. आमच्या घरी शेजारचा मुलगा खोटं बोलला की कुणी काही म्हणायचं नाही आणि माझा बोलला की सगळे म्हणायचे मास्तरणीचा मुलगा आणि खोटं!

कंदीपेढा

वाचतोय. पॉपकॉर्न नाय, चुरमुरे घेऊन बसलोय.

स्पर्धापरीक्षा_चौथा_अटेम्प्ट

जय महाराष्ट्र सगळ्यांना, मी सांगलीत रूमवर राहून अभ्यास करतो आणि हा विषय आमच्या पेपरलाच आहे त्यामुळं लायब्ररी सोडून हे वाचतोय. अलेक्झांडर वेंट म्हणून एक अभ्यासक आहे, त्याचं एक वाक्य आमच्या प्रत्येक नोट्समधे असतं की ब्रिटनची ५०० अण्वस्त्रं अमेरिकेला जेवढी भीती घालत नाहीत तेवढी उत्तर कोरियाची ५ घालतात. हत्यार तेच, पण समोरचा आपला की परका हे आधी ठरलेलं असतं. आमचे सर असं समजावतात की रात्री बारा वाजता शेतात हातात कोयता घेतलेला माणूस दिसला, चुलता असेल तर म्हणायचं काय ओ एवढ्या रात्री पाण्याची पाळी का, आणि अनोळखी असेल तर पळायचं. कोयता तोच.

मार्केटयार्डवाला

सरांना सांगा आमच्याकडं जास्त भीती चुलत्याचीच असते, बांधावरनं.

स्पर्धापरीक्षा_चौथा_अटेम्प्ट

😂😂 हे मुलाखतीत सांगितलं तर पोस्ट फिक्स काका

ओसाकातला_सांगलीकर

मी विश्रामबागचा, सध्या जपानात. इथं अकरा वर्षं झाली म्हणून थोडं लिहितो, लांब झालं तर माफ करा, इथं मराठीत भांडायला कुणी मिळत नाही.

जपानच्या १९४७ च्या घटनेत कलम ९ आहे, युद्ध हा मार्ग आम्ही कायमचा सोडला, सैन्य ठेवणार नाही. आता सैन्य आहे की नाही? आहे, चांगलं तगडं आहे, १९५४ पासून. पण त्याला सैन्य म्हणत नाहीत, 'आत्मसंरक्षण दल' म्हणतात. परवापरवापर्यंत ज्या बोटीच्या डेकवर हेलिकॉप्टरं उतरतात आणि आता लढाऊ विमानं उतरतील अशी सोय चाललीय तिला कागदावर डिस्ट्रॉयर म्हणतात. मी ऑफिसात एकाला म्हणालो, अरे ही तर विमानवाहू नौका आहे. तो हसला नाही. म्हणाला, ते नाव आजीसमोर घेऊ नकोस. त्याची आजी हिरोशिमाकडची.

आता मार्केटयार्डवाल्यांसाठी पैशाची गोष्ट. १९९१ च्या आखाती युद्धात जपाननं तब्बल १३ अब्ज डॉलर दिले, पण एक शिपाई पाठवला नाही. घटना, लोकमत, सगळंच आडवं. युद्ध संपल्यावर कुवेतनं अमेरिकन पेपरात आभाराची जाहिरात दिली, देशांची यादी, त्यात जपानचं नावच नाही! इथं तो अपमान अजून बोलतात. लग्नात आहेर सगळ्यात मोठा आणि माईकवर नावच नाही घेतलं असं झालं. त्यानंतर लगेच सुरुंग काढणाऱ्या बोटी पाठवल्या, पुढच्या वर्षी शांतिसेनेत जायचा कायदा केला. २००४ ला इराकमधे समावाला सैनिक पाठवले तर त्यांना गोळीबाराचे नियम इतके कडक की आजूबाजूची सुरक्षा आधी डच आणि मग ऑस्ट्रेलियन सैनिक बघायचे. म्हणजे सैनिकांच्या राखणीला सैनिक.

तर पैशानं बघितलं तर यात काहीच कळत नाही. 'आम्ही शांततावादी' ही ओळख म्हणजे इथं एक कुंपण आहे, सरकारं त्या कुंपणाला रोज थोडं थोडं सरकवतात (२०१४ ला कलमाचा अर्थ बदलला, २०२२ ला संरक्षण खर्च दोन टक्क्यांवर न्यायचं ठरवलं) पण उडी मारून पलीकडं जायची हिंमत कुणाची नाही. कलम ९ चा एक शब्द अजून बदललेला नाही.

अजिंक्यताऱ्याखाली

"सैनिकांच्या राखणीला सैनिक" बाबांना वाचून दाखवलं, त्यांना आधी खोटंच वाटलं. मग म्हणाले असल्या ड्युटीपेक्षा सियाचीन बरं.

कुंपणाची उपमा आवडली. मला पण तेच म्हणायचं होतं जे मी सुरुवातीला नीट लिहिलं नाही. ओळख देशाला काय कर ते सांगत नाही, काय करू नको ते सांगते.

प्रीतिसंगम

इथं मी थोडी अडवणार. एकच ओळख, एकच इतिहास, आणि त्यातून अगदी उलटी दोन धोरणं निघू शकतात, त्यामुळं "काय करू नको" हेसुद्धा इतकं पक्कं नसतं.

जर्मनी बघा. नाझी काळाच्या पापानंतर त्यांनी दोन शपथा घेतल्या, पुन्हा युद्ध नको, आणि पुन्हा आउशवित्झ (नाझींची ज्यूंना मारण्याची छावणी) नको. पन्नास वर्षं या दोन्ही एकच वाटत होत्या. १९९९ ला कोसोवो पेटलं आणि दोन्ही एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. कत्तल थांबवायची तर बॉम्ब टाकावे लागतात. परराष्ट्रमंत्री होते योश्का फिशर, ग्रीन पक्षाचे, जो पक्षच मुळी शांतता चळवळीतनं आलेला. बीलेफेल्डला पक्षाचं अधिवेशन भरलं, तिथं युद्धाला विरोध करणाऱ्या एकानं लाल रंगाची पिशवी त्यांच्या कानावर फेकली, कानाचा पडदा फाटला. त्या अवस्थेत, कोटावर रंग तसाच, ते बोलले आणि ठराव आपल्या बाजूनं करून घेतला. १९४५ नंतर जर्मन विमानं पहिल्यांदा लढाईत गेली ती त्या युद्धात.

म्हणजे ओळख बदलली का? नाही. भाषणाच्या दोन्ही बाजूंचे लोक त्याच इतिहासाची आण घेत होते. म्हणून मी मुलांना सांगायचे, कुणी म्हणालं की अमुक देशाची ओळख अशी आहे म्हणून तो असा वागला, तर आधी विचारा की ती ओळख त्या दिवशी सांगत कोण होतं, आणि त्याला टाळ्या कुणी वाजवल्या.

आणि २०२२ च्या जानेवारीत हाच जर्मनी युक्रेनला फक्त ५,००० हेल्मेट देऊ करत होता, जगानं चेष्टा केली. महिनाभरात रशिया आत घुसला आणि तीन दिवसांत चान्सेलरांनी १०० अब्ज युरो सैन्यासाठी जाहीर केले. इतक्या वेगानं.

मार्केटयार्डवाला

मग माझंच म्हणणं खरं झालं की मॅडम. रणगाडे दारात आले की ओळख बाजूला.

प्रीतिसंगम

रणगाडे पोलंडच्या दारात होते हो, आणि पोलंड तर वर्षानुवर्षं ओरडत होता. जर्मनीला महिनाभर आधी ते दिसले का नाहीत? रशियाशी समजुतीनं वागणं हे आपलं प्रायश्चित्त आहे असं त्यांना वाटायचं म्हणून. डोळ्यांवरचा चष्मापण ओळखीचाच असतो.

आता कराडची आहे म्हणून साहेबांबद्दल दोन ओळी लिहितेच. चीनचं युद्ध चालू असताना १९६२ च्या नोव्हेंबरात यशवंतराव दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. पण पुढचं कुणी सांगत नाही. १९७४ ते ७७ ते परराष्ट्रमंत्री होते, आणि पेकिंगमधे (आताचं बीजिंग) १९६१ पासून भारताचा राजदूत नव्हता, तो परत पाठवला गेला १९७६ ला, त्यांच्याच काळात, के. आर. नारायणन गेले. ज्या माणसाचं दिल्लीतलं राजकारणच चीनशी लढायला म्हणून सुरू झालं त्याच्याच खात्यातून ही चिठ्ठी निघाली. निर्णय काही एकट्या त्यांचा नसणार, इंदिराबाईंशिवाय पान हलत नव्हतं. पण दुसऱ्या कुणाला, ज्याच्या मागं १९६२ नाही अशाला, हे एवढं शांतपणे पचवता आलं असतं का, मला शंका आहे. प्रीतिसंगमावर फिरायला गेले की त्यांच्या समाधीपाशी हाच विचार येतो दर वेळी.

ओसाकातला_सांगलीकर

हे १९७६ चं माहीतच नव्हतं ताई. शाळेत सह्याद्रीपर्यंतच धडा होता.

गलाईवाला_काठमांडू

राम राम. मी मूळ विट्याजवळचा, गलाईचा धंदा, एकवीस वर्षं काठमांडूत. आमचे लोक कुठं नाहीत, कन्याकुमारीपासनं इथवर जिथं सोनं वितळतं तिथं खानापूर-आटपाडीचा माणूस हाय. मला तुमच्यावानी लिहाय येत नाय पण नेपाळचा विषय निघाला म्हणून राहवलं नाय.

२०१५ ला एप्रिलात भूकंप झाला. आपल्या देशाची विमानं सगळ्यात आधी आली, त्या महिन्यात मला भारतीय म्हणून दुकानदार चहाचे पैसे घेत नव्हता. सप्टेंबरात त्यांची नवी घटना आली, तराईतल्या, म्हंजे भारताला लागून सपाट भागातल्या, मधेशी लोकांना ती पटली नाय, सीमेवर गाड्या अडल्या. आपलं सरकार म्हणालं आंदोलन तुमच्या लोकांचं हाय, आम्ही काय केलं. नेपाळी म्हणाले नाकाबंदी तुमचीच. खरंखोटं देवाला माहीत पण सिलेंडर संपला तेव्हा मीपण त्यांच्याच लायनीत हुतो. सरकार अर्धा भरलेला सिलेंडर द्यायचं, तोपण महिन्याची वाट बघून. मूस तापवायला गॅस नाय, तेजाब नाय, धंदा बंद. घरमालकीण अंगणात चूल मांडून भात करायची, भूकंपात पडलेल्या घराची लाकडं जाळून. मला पहिल्या दिवशी वाटी दिली नि म्हणाली, खा, तुझ्या देशानं गॅस बंद केला तरी मी भात बंद करणार नाय. पण बोलताना तोंड बघितलं तिचं. चहावाल्यानं पैसे घ्याय सुरू केले ते आजतागायत.

तवा त्यांच्या सरकारनं चीनशी तेलाची बोलणी केली, पुढच्या वर्षी चीनच्या बंदरातनं माल आणायचा करार केला. हिशोबानं बघितलं तर येड्याचा बाजार, हिमालय ओलांडून तेल आणणार का सीमेवरच्या रक्सौलवरनं? पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपण कुणाचे मिंधे नाय हे दाखवायचं हुतं. इथं पृथ्वीनारायण शहाचं वाक्य पोराठोरांना पाठ असतंय, की नेपाळ म्हंजे दोन धोंड्यांमधला कंद. एका धोंड्यानं दाबलं की कंद दुसऱ्याकडं सरकणार, त्यात त्याचं चीनवर प्रेम हाय असं नाय.

२०२० ला नकाशा बदलला, भारताच्या ताब्यातलं लिपुलेख कालापानी लिंपियाधुरा आत घेतलं, संसदेत एकपण विरोधी मत पडलं नाय. एरवी त्या संसदेत दोन माणसांचं पटत नाय. २०२४ ला तो नकाशा शंभराच्या नोटेवर घ्यायचं ठरलं आणि छपाईचं काम कुणाला, तर चिनी कंपनीला. आणि गंमत पुढंच, २०२५ ला त्याच चीननं भारताशी ठरवलं की लिपुलेखमधनं व्यापार परत सुरू करूया. नेपाळला कुणी विचारलंपण नाय. मार्केटयार्डवाले शेठ, हितं तुमची बोटं रुमालाखालनं दिसली बघा.

मार्केटयार्डवाला

गलाईवाले भाऊ, जिंकवलंत मला आणि तरी मला आनंद झाला नाय.

खरं सांगू का, आमच्या पाहुण्यांची तासगावला द्राक्षं आहेत, माल बांगलादेशला जायचा. तिथल्या सरकारनं आयात शुल्क इतकं वाढवलं की व्यापारी बागेत येऊन परत जातात. २०२४ च्या ऑगस्टला तिथलं सरकार पडलं, मग तर पाहुणे रोज तिथल्या बातम्या बघत बसायचे. परवा म्हणाले, अरे आपण ७१ ला यांच्यासाठी लढलो आणि आता यांनी नोटांवरनं त्यांचा राष्ट्रपिता मुजीबच काढला. मी म्हणालो तुम्हाला मुजीबचं दुःख आहे का शुल्काचं. ते म्हणाले शुल्काचं, पण मुजीब होता तोवर शुल्कावर बोलायला तोंड होतं. हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आता धागा वाचून वाटतंय त्यांना कळलेलं होतं.

तरीपण माझं मत निम्मंच बदललंय हां. निम्मं रुमालाखाली.

स्पर्धापरीक्षा_चौथा_अटेम्प्ट

काका ते पाहुण्यांचं वाक्य मी उत्तरात वापरू का? नाव नाही टाकणार.

मार्केटयार्डवाला

वापर की. मार्क पडले तर एक पेटी द्राक्षं घेऊन जा त्यांच्याकडनं, तशीपण पडूनच आहेत.

अजिंक्यताऱ्याखाली

बाबांना सगळा धागा वाचून दाखवला, दोन दिवस लागले, मधे मधे झोपत होते. घरमालकिणीच्या भाताला मात्र जागे होते. म्हणाले त्या गलाईवाल्याला विचार, पोखऱ्याला जाणं होतं का.

गलाईवाला_काठमांडू

होतंय की, महिन्या दोन महिन्यानं एक फेरी असतीय, तिथं आमचा मेव्हणा हाय त्याच धंद्यात. का ओ?

अजिंक्यताऱ्याखाली

गावच्या यात्रेला येशील तेव्हा जाताना साताऱ्यावरून जा भावा. सुभेदार साहेबांना दोन किलो कंदी पेढे पाठवायचेत, बाबा म्हणतात चौतीस वर्षं झाली नुसतं फोनवरच सांगतोय पेढे खायला या म्हणून.

गलाईवाला_काठमांडू

देतो की, त्यात काय. फक्त वाटेत कुठं बॅग उघडली तर अर्धा किलो कमी पोचंल, तेवढं धरून चालायचं.

मार्केटयार्डवाला

मग तीन किलो द्या.